मोकळ्या जागेचे महत्त्व स्पष्ट करा

कॉलेजच्या परीक्षेत एक चित्र छापून खाली विचारलं होतं, 'प्रस्तुत चित्रातील मोकळ्या जागेचे महत्त्व स्पष्ट करा.' मी पानं भरून उत्तर लिहिलं. जागा सपाट आहे, पाणी साचणार नाही. झाड एका कडेला असल्यामुळे बांधकामाला अडचण नाही. मात्र रस्ता कुठेच दिसत नाही, तेव्हा जागा रोड टच आहे की नाही याची चौकशी केल्याशिवाय व्यवहार करू नये. शेवटी, हात दुखायला लागला तरी, खाली रेघ मारून हेही लिहिलं की मोकळी जागा एकदा हातची गेली की परत मिळत नाही, म्हणून शक्यतो विकू नये.

विषय होता कलास्वाद.

हसा, हसा. आमच्या घरात अजून हसतात. मी तेव्हा काही कोवळी पोर नव्हते, साठी ओलांडली होती. आता सत्तरी दिसायला लागल्यावर त्या बाईकडे वळून बघते आणि वाटतं, हिच्या हातातलं पेन कुणी काढून कसं घेतलं नाही? वर्गावर लक्ष ठेवणारे सर तर माझ्या बाकापाशी येऊन चांगले थांबले होते. मला वाटलं, माझं अक्षर बघतायत.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, मुरबाडच्या अंगाला. माझं माहेरही मुरबाडकडचंच. बारावी झाले आणि लग्न झालं, पुढचं राहून गेलं. मग भातशेती, मुलं, सासू-सासरे, सगळं रीतसर झालं. सून घरात आली, नातवंडं शाळेला गेली, आणि दुपारी घरात नुसती मी आणि पंख्याची घरघर. एक दिवस उठले आणि शहापूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला नाव घालून आले.

पहिल्या वर्षाला नेहमीच्या विषयांबरोबर एक वेगळा विषय घ्यावा लागतो. संगणक होता, पर्यावरण होतं आणि कलास्वाद होता. संगणकाची मला भीती वाटली. पर्यावरण म्हणजे आपलंच रान, ते काय शिकायचं, असं वाटलं. कलास्वादाची चौकशी केली तर ऑफिसातला माणूस म्हणाला, "चित्रं बघायची, आजी. दुसरं काय नाय."

बघायचंच असेल तर त्यात नापास कोण होतं? इतकी वर्षं डोळे उघडे ठेवूनच काढली होती. मी त्याच्यासमोर फॉर्मवर खूण केली ती अशा ऐटीत की जसा काही निकाल हातातच आहे.

आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "चित्रा बगायला कॉलेजात कशाला जातंस गो? कॅलेंडर लावलाय ना भितीला."

"कॅलेंडरावर तुम्ही एकादशी बघता, मी चित्र बघीन," मी म्हटलं. काय तो तोरा!

शिकवायला एक तरुण मॅडम होत्या. कल्याणहून यायच्या, आसनगावला उतरून शेअर रिक्षाने कॉलेजात. तासावर पगार, त्यामुळे एक तास इथे आणि एक तास तिकडे भिवंडीच्या बाजूला कुठेतरी. आल्या की आधी घड्याळ बघायच्या, मग आम्हाला. पण शिकवायला लागल्या की घड्याळ विसरायच्या, हेही खरं. एकदा खिडक्यांच्या चित्रांबद्दल सांगताना म्हणाल्या, "आमच्या खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते. त्यांच्या खिडकीतून आम्ही. मध्ये काहीच नाही." सगळी मुलं हसली. त्या हसल्या नाहीत.

त्यांची एक सवय होती. कुणी नीट उत्तर दिलं की खडू टेबलावर टक्कन आपटायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर!" चुकीचं दिलं तर रागवायच्या नाहीत. नुसतं म्हणायच्या, "हं. आणखी कुणी?"

पहिल्याच दिवशी पडद्यावर चित्र दाखवलं. खिडकीपाशी एक बाई उभी, मागे अंधार, अंधारात एक भांडं. मॅडम म्हणाल्या, "काय दिसतं?"

वर्ग गप्प. सगळी लेकरं अठरा-एकोणीसची, मी एकटी पांढरी. म्हटलं आपण सुरुवात करून द्यावी. हात वर केला आणि सांगितलं, "मॅडम, हिने दूध चुलीवर ठेवलंय आणि ही इथे रस्ता बघत बसलीय. दूध उतू जाणार."

वर्ग खदखदला. मॅडम म्हणाल्या, "आजी, पुढे काय होणार ते नको. चित्रात काय आहे ते बघा. उजेड कुठून येतोय? कुठे संपतोय?"

"खिडकीतून येतोय," मी म्हटलं. "आणि संपायचा काय, संध्याकाळ झाली की संपेल."

"हं," मॅडम म्हणाल्या. "आणखी कुणी?"

माझ्या बाकावर खर्डीची एक पोरगी बसायची. तिने सांगितलं, "मॅडम, उजेड तिच्या अर्ध्या तोंडावर हाय, म्हणून ती अर्धी घरात न् अर्धी भायेर वाटते."

टक्कन खडू आपटला. "बरोबर!"

मी त्या पोरीकडे असं बघितलं की तिने वही जवळ ओढून घेतली. घरी येईपर्यंत मनात एकच, की त्यात बरोबर काय होतं? अर्धी घरात आणि अर्धी बाहेर मी आयुष्यभर उभी आहे, मला नाही ते उजेडाने कळलं.

इथून माझा त्रास सुरू झाला. पास व्हायचं होतंच, पण पास होणं बाजूला राहिलं. त्या बाईच्या तोंडून मला एकदा 'बरोबर' ऐकायचं होतं. खडूसकट.

पण नशीब बघा. पावसाळा संपला तसा कॉलेजातला प्रोजेक्टर बंद पडला. वायर कुरतडली गेली म्हणे. दुरुस्त होईपर्यंत मॅडमनी चित्रांच्या झेरॉक्स काढून आणल्या. आता झेरॉक्स म्हणजे काळी-पांढरी, आणि कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याची शाई म्हणजे चुलीची काजळी. कागद हातात घेतला की बोटं काळी. त्या कागदावरून मॅडम रंग शिकवत होत्या.

"या निळ्याशेजारी हा पिवळा बघा, कसा उठून दिसतो!"

मी कागद उजेडात धरला, उलटा केला, चष्मा पुसला. खर्डीची पोरगी हळूच म्हणाली, "आजी, निळा समजायचा गो. आमी पण समजूनच घेतलाय."

"अगो पण कुठला काळा निळा आणि कुठला काळा पिवळा?"

"वरचा निळा. वरती नेहमी निळाच असतो."

अशा शिक्षणाला काय म्हणावं? मी रागाने धुमसत होते. मॅडमवर नाही, त्या तरी काय करणार? पण कुणावर तरी राग काढायचा म्हणून मी घरी जाऊन सुनेच्या भाजीला नावं ठेवायचे.

त्याच झेरॉक्सवर आम्हाला घरून निबंध लिहून आणायला सांगितला. चित्र होतं शेतांचं. लांबवर डोंगर, खाली शेतं, आणि मध्येच एक काळाकुट्ट चौकोन. मला बघता क्षणी ओळख पटली. राब! आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात, तो राब. उन्हाळ्याच्या शेवटी रानात जिकडेतिकडे असे काळे चौकोन दिसतात. आता मात्र मी मॅडमना दाखवणार होते. भरभरून लिहिलं. राब कसा रचतात, वारा बघून कसा पेटवतात, माझ्या सासूबाई जळत्या राबाजवळून कुणाला हलू देत नसत, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, चित्रकार खेडेगावातला असावा, कारण त्याला राब माहीत आहे.

मॅडमनी निबंध परत दिला. माझ्या पानावर लिहिलं होतं, 'भाषा छान. हे तळं आहे.'

निळंभोर तळं. उन्हात चमकणारं. चित्रकाराने म्हणे त्या निळ्यासाठीच सगळं चित्र काढलं होतं, आणि मी ते पेटवून दिलं होतं.

तास संपल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "आजी, एक सांगू? तुम्ही शेतातून बाहेर या. प्रत्येक चित्रात तुम्ही आपलं शेत बघता. चित्र बघतच नाही."

घरी आल्यावर मी ह्यांना तणतणत सांगितलं, "म्हणे शेतातून बाहेर या! झेरॉक्सवर तळं काळं दिसतं, त्यात माझी काय चूक?"

हे भात जेवत होते. घास गिळून म्हणाले, "शेतातून भायेर ये म्हंजे? जेवायला पन भायेर जायचा का आता?"

मग आली परीक्षा, आणि ती जागा.

त्या दिवसांत आमच्याकडे जागेशिवाय दुसरा शब्द नव्हता. आसनगावपासून आमच्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटचे बोर्ड. पांढरी चारचाकी गावात शिरली की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली होती, इतकी सवय झालेली. एजंट ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे आणि विचारायचे, "मोकळी जागा आहे का हो कुणाची?" शेजारचे आमचे चुलत दीर, त्यांचा मोठा माळ होता आमच्या पडवीसमोर. तो त्यांनी त्याच वर्षी विकला. लग्नघरात जसं सगळीकडे लग्नच, तसं आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ जागाच. आम्ही विकायची की नाही यावरून मुलगा आणि हे रोज वाद घालत. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा माझ्या पुस्तकावर बसून दोघांचं चाललंच होतं.

तर पेपरात ते चित्र. पान जवळजवळ कोरं, एका कडेला एकच झाड, बाकी काही म्हणजे काही नाही. आणि खाली प्रश्न, 'मोकळ्या जागेचे महत्त्व'. मला वाटलं, वा! अखेर शिक्षण आमच्या तालुक्यात पोचलं.

निकाल लागला. बाकी सगळ्यांत पास, कलास्वादात एटीकेटी, म्हणजे तेवढा पेपर पुन्हा. तो शब्द तोपर्यंत मी फक्त वर्गातल्या पोरांच्या तोंडून ऐकला होता. ह्यांनी तो पाठ केला. फाट्यावर कुणी भेटलं की सांगायचे, "आमच्या हिला एटीकेटी लागली." ऐकणारा घाबरून विचारायचा, "आता बरी हाय ना?"

मॅडमनी मला पेपर दाखवला. दोन्ही पानांवर तांबड्या पेनाचं फक्त एक प्रश्नचिन्ह होतं, बरंच मोठं.

"आजी, मोकळी जागा म्हणजे प्लॉट नव्हे हो! निगेटिव्ह स्पेस. चित्रात जिथे काही काढलेलं नसतं, ती."

"जिथे काही काढलंच नाही, त्याचं महत्त्व काय लिहायचं?"

"तेच तर लिहायचं होतं."

"म्हणजे काही नाही त्याच्याबद्दल पानभर लिहायचं?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग मला समजवायचा प्रयत्न केला. कागद घेतला, त्यावर एक टिंब काढलं, मग दुसरं टिंब मोठ्या चौकोनात काढलं, तिसरं छोट्या चौकोनात. "बघा, टिंब तेच आहे. पण कसं वेगवेगळं दिसतं?" मला तिन्ही टिंबं टिंबंच दिसली. मी मान हलवली. मॅडमना कळलं की मी खोटी मान हलवली. त्यांनी घड्याळ बघितलं.

एटीकेटीची परीक्षा पुढच्या सत्रात होती. मी ती न कळलेली टिंबं घेऊन घरी आले. अभ्यासाला बसले की डोळ्यांपुढे प्रश्नचिन्ह. पुस्तकात लिहिलं होतं, 'अवकाशामुळे आकाराला अर्थ प्राप्त होतो.' मी ते वाक्य पाठ केलं, भात ढवळताना म्हटलं, भांडी घासताना म्हटलं. घशातून खाली उतरेना. एकदा पुस्तक भिंतीवर फेकलं. सून आतून म्हणाली, "आई, पाल होती का?"

इकडे चुलत दिरांच्या माळावर काम सुरू झालं. आधी चुन्याच्या फक्कीने रेघा मारल्या, मग दगडी खुणा, मग भोवताली भिंत. भिंत माणसाच्या डोक्याइतकी उंच. मी अभ्यासात, लक्ष दिलं नाही. एक दिवस सकाळी पडवीत तांदूळ निवडत होते, मान वर केली तर भिंतीवरून मोहाचं झाड दिसलं. त्या माळावर एकच झाड, जुनं, माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं. एवढं थोरलं की नवी नवरी म्हणून आले तेव्हा लांबून बघून मला वाटलं होतं, झाडाखालीच गाव आहे. ते झाड आता एवढंसं दिसत होतं. कपाटामागे कुणी काठी उभी करून ठेवावी तसं.

मी तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि तशीच ओरडत गेले. "कुणी तोडलं रे झाड? कुणी हात लावला?"

गेटावर वॉचमन होता. बिचारा उठून उभाच राहिला. "कुणीच नाय मावशी. शेठनी तर सांगितलाय, झाडाला हात नाय लावायचा. जाहिरातीत हाय ता."

"मग एवढं कसं झालं?"

"काय कसा झाला?"

हे मागून आले, माझा आवाज ऐकून. आम्ही दोघं गेटातून आत गेलो. मी झाडाभोवती फिरले. एक फांदी तुटलेली नाही. बुंधा तोच, त्याच्या पोटातली ढोली तीच. पानं तीच. मी मान मागे टाकून वर बघितलं तर तेवढंच उंच. मग पुन्हा गेटाबाहेर आले, पडवीत गेले, बघितलं. पुन्हा एवढंसं.

"डोल्याची तपासणी कर," हे म्हणाले.

 मी पडवीच्या पायरीवर बसले. झाडाला कुणी हात लावला नव्हता. भोवतालचं काढून घेतलं होतं. तो माळ आमच्या डोळ्यांसमोर लांबवर पसरलेला असायचा, नुसतं गवत, आणि जरा एका कडेला ते झाड. गवताकडे कधी कुणी बघितलं नाही. मीही नाही. पण ते झाड एवढं थोरलं दिसत होतं ते त्या गवतामुळे, त्या काही नसलेल्यामुळे. आणि परीक्षेतलं चित्र? कोरं पान, कडेला एक झाड. ते तर आमच्या पडवीतूनच काढलं होतं जसं काही! चित्र माझ्यासमोर रोज होतं आणि मी पेपरात त्याचा रोड टच तपासत बसले होते.

आता बघते कशी 'बरोबर' म्हणत नाही ती, मी मनात म्हटलं. त्या दिवसापासून अभ्यासात जीव आला. माळ, भिंत, झाड, सगळं मनात नीट लावून ठेवलं. पहिलं वाक्य कोणतं, दुसरं कोणतं, तेही ठरवलं. प्रश्न कसाही फिरवून येऊ दे.

परीक्षेला बसले. पेपर उलटला. 'कलेचे प्रकार सांगून प्रत्येकी दोन उदाहरणे द्या.' 'रंगचक्र म्हणजे काय?' 'रिकाम्या जागा भरा.'

मी पेपर मागेपुढे केला. मागचं पान कोरं होतं. मोकळ्या जागेचा प्रश्न कुठेच नव्हता. रिकाम्या जागा भरायच्या होत्या! इतका संताप आला की वाटलं, उठून बाहेर जावं. मग आठवलं, पुन्हा एटीकेटी लागली तर हे फाट्यावर काय काय सांगतील. मी कलेचे प्रकार लिहिले, पोपटासारखे. रंगचक्र काढलं, ज्यात मी कधी रंग बघितलाच नव्हता, वरती निळा समजून. रिकाम्या जागा भरल्या. पास झाले. चांगल्या मार्कांनी पास झाले, आणि निकालाचा कागद घरी आणून पिठाच्या डब्याखाली ठेवून दिला. जे येत होतं ते कुणी विचारलं नाही. जे विचारलं ते मला अजूनही येत नाही.

मला चैन पडेना. निकालानंतर मुद्दाम एसटी धरून कॉलेजात गेले. मॅडम स्टाफ रूममध्ये होत्या, पर्स खांद्याला, डबा पिशवीत टाकत होत्या. "अरे वा, आजी! अभिनंदन."

"ते राहू दे," मी म्हटलं. "मला एक उत्तर द्यायचंय. मागच्या वेळचं."

त्यांनी घड्याळ बघितलं, मग मला बघितलं, आणि पर्स खांद्यावरून काढून खुर्चीला अडकवली. मी उभ्या उभ्याच सांगितलं. माळ कसा होता, झाड कसं दिसायचं. भिंत कशी आली. मी वॉचमनवर कशी ओरडले, झाडाभोवती कशी फिरले, पडवीत परत येऊन काय दिसलं. चुन्याच्या रेघांपासून सगळं सांगितलं. मध्ये त्या एकदाही 'हं' म्हणाल्या नाहीत. खाली बसल्या. हनुवटी हातावर टेकून ऐकत राहिल्या. त्यांचे डोळे असे दूर लागले होते, जसं तो माळ त्यांना खरंच दिसत होता. माझं बोलून झालं. टेबलावर खडू नव्हता, पेन होतं. त्यांनी ते उचललं आणि टक्कन टेकवलं. 

"बरोबर आहे, आजी, अगदी बरोबर. बरं, त्या भिंतीच्या आत एखादा प्लॉट अजून शिल्लक असेल का हो? आमचे हे कधीचे शोधतायत. रोड टच नसला तरी चालेल."